माझ्या पोटात राहिलेली अक्षरं

मित्रांनो, सर्व्हर म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला बिघडलेला फ्रीज समजाल. ऑफिसातल्या बाकीच्या कॉम्प्युटरांचं सगळं सामान एका जागी सांभाळायचं आणि मागेल त्याला मागेल ते काढून द्यायचं, हे ज्याचं काम, तो सर्व्हर. घरात एखादी जाणती बाई असते ना? सुई कुठंय, सांडशी कुठंय, सगळ्यांनी तिलाच विचारायचं. तसा मी होतो. आता मी जुना झालो आहे आणि मला कोणी काही विचारत नाही. विचारलं तरी देता येणार नाही. माझं सगळं दुःख एवढ्यातच आहे.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. गावाचं नाव पाठीवरच्या लेबलवर होतं, ते घासून केव्हाच गेलं, आणि खरं सांगू का, मला त्याची आठवणही येत नाही. मी स्वतःला जालन्याचाच समजतो. १९९७ साली उन्हाळ्यात मी इथे आलो. इथल्या मस्तगड भागात संपतरावांचा छापखाना होता. १९८१ साली एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, घेऊन त्यांनी तो सुरू केला होता. मी आलो तोवर खिळे जाऊन ऑफसेट आलं होतं आणि ओळीने चार कॉम्प्युटर मांडलेले होते. बियाणांच्या पाकिटांवरची लेबलं, राजूरच्या गणपतीच्या यात्रेची हँडबिलं, मोसंबीच्या खोक्यांवरची नावं, दुकानांची बिलबुकं आणि लगीनसराईत पत्रिकाच पत्रिका! चार कॉम्प्युटरांवरचं काम एकमेकांत कालवलं जाऊ नये म्हणून मला आणलं.

माझा थाट काय विचारता! मला वेगळी खोली होती, खिडकीत कूलर होता, दारावर पडदा होता. आत येताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. लाइट गेली तर आधी माझ्या बॅटरीकडे धाव, मग बाकीच्यांच्या पंख्याकडे. संपतरावांच्या पत्नी कांताबाई दर खंडेनवमीला माझ्या कपाळावर, म्हणजे समोरच्या पत्र्यावर, हळदीकुंकू लावायच्या आणि झेंडूची माळ घालायच्या. मी फुगून जायचो. फुगणारच की! चार कॉम्प्युटर माझ्या तोंडाकडे बघून दिवस काढत होते.

पण त्या छापखान्यात माझ्यापेक्षा मोठा मान एका माणसाला होता. ते गयासोद्दीन कातिब. कातिब म्हणजे हाताने सुरेख उर्दू लिहिणारे. जालन्यात उर्दू पत्रिका पुष्कळ निघतात. छापखाना निघाला त्या वर्षापासून त्या सगळ्या गयासचाचांच्याच हातच्या. बोरू तासायचा, शाईत बुडवायचा, नवऱ्या मुलाचं नाव एकदा मोठ्याने म्हणायचं आणि मग लिहायचं. न म्हणता त्यांनी कोणाचं नाव लिहिलंच नाही. "नाव आधी तोंडात बसलं पाहिजे, मंग कागदावर बसतंय," असं ते म्हणायचे. अंबडपासून भोकरदनपर्यंतचे लोक पत्रिका त्यांच्याच हातची पाहिजे म्हणून हटून बसत.

मी आलो आणि वर्षभरात त्यांचा हात थरथरायला लागला. आधी फक्त सकाळी, मग दिवसभर. डॉक्टर झाले, दवा झाली, काही फरक पडला नाही. एका पत्रिकेवर शाईचा डाग पडला तेव्हा ते बोरू खाली ठेवून नुसते बसून राहिले. संपतरावांना ते बघवेना. त्यांनी चौकशी केली, तेव्हा दूरच्या शहरातल्या एका लहानशा कंपनीचा पत्ता लागला. कातिबाची अक्षरं कॉम्प्युटरात उतरवून ठेवणारा एक प्रोग्राम त्या कंपनीने बनवला होता.

कंपनीचा माणूस आला तो एक बोटभर काळी वस्तू घेऊन. तिला सगळे 'लॉक' म्हणायचे. ती माझ्या पाठीत खोचली तरच प्रोग्राम उघडणार, काढली की बंद. कोणी चोरून दुसरीकडे वापरू नये म्हणून कंपनीने केलेली ती सोय. अक्षरंही तो प्रोग्राम आपल्याच पद्धतीने गाठोडं बांधून ठेवायचा. ती पद्धत त्या कंपनीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच नाही. मला वाटलं, वा, माझ्या पोटाला केवढं बळकट कुलूप!

मग गयासचाचा लिहायला बसले. उर्दूत अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात, आणि शेजारी बदलला की अक्षराचं रूप बदलतं. त्यामुळे एकेका अक्षराची किती रूपं! हात शांत असेल तेवढाच वेळ लिहायचं. कधी दिवसात चार अक्षरं, कधी एकच. एक पावसाळा त्यात गेला. शेवटचं अक्षर माझ्यात उतरलं तेव्हा कंपनीच्या माणसाने कागदांवरून काढलेली आधीची चित्रं पुसून टाकली, कारण माझ्या पोटात तेव्हा जागा बेताची होती. राहिले ते मूळ कागद. त्यांवर, पत्रिकेत लागतं म्हणून, जागोजागी अल्लाचं नाव होतं, पैगंबरांचं नाव होतं. असे कागद पायदळी येऊ द्यायचे नाहीत, रद्दीत घालायचे नाहीत, वाहत्या पाण्यात सोडायचे, ही त्यांच्या घरची रीत. कुंडलिकेला पाणी होतं. चाचांनी सगळे कागद रुमालात बांधले आणि नदीत सोडून आले.

"आता हे सगळं तुझ्यापाशी," असं म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान. झेंडूच्या माळा त्यापुढे काहीच नाहीत.

पुढची सात-आठ वर्षं मजेत गेली. चाचा ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे, नाव मोठ्याने म्हणायचे, आणि पडद्यावर त्यांच्याच हातचं अक्षर उमटायचं. "नून जरा जवळ घे, बेटा. आता बराबर." नून म्हणजे उर्दूतला न. थरथरणारा हात खिशात आणि पत्रिकेवर मात्र जवान हात. बोरू सुटल्याची त्यांना कधी हळहळ वाटली नाही, कारण त्यांच्या हिशेबी तो सुटलाच नव्हता.

मग आमचे दिवस फिरले. माझ्यात जी मूळ व्यवस्था होती, म्हणजे मला चालवणारा मुख्य प्रोग्राम, तिच्या मालकांनी जुनं सगळं बंद करून नवं घ्यायला लावलं, तेही प्रत्येक कॉम्प्युटरमागे वेगळा पैसा मोजून. दुसरीकडे त्या अक्षरांच्या कंपनीचा फोन लागेनासा झाला. संपतराव वैतागले. त्यांनी औरंगाबादेहून आपल्या भाच्याला, वसंताला, बोलावून घेतलं. हा इंजिनिअर, गळ्यात पट्ट्याची पिशवी आणि बोलणं तोफेसारखं.

"मामा, ह्याला काढा आता. नवी मशीन घेऊ, तिच्यात मी दुसरी व्यवस्था टाकून देतो. मोकळी असती ती. लायसन न्हाई, लॉक न्हाई, काही न्हाई."

"फुकटची?" संपतराव म्हणाले. "फुकट मिळालेलं कसलं असणार रे?"

"फुकट मिळती हा मुद्दाच न्हाई. तिचं पोट उघडं असतंय. कोणी बी आत बघू शकतंय, बिघडलं तर नीट करू शकतंय, दुसऱ्याला देऊ शकतंय. तुमचा हा गडी आत काय ठेवतो, कसं बांधून ठेवतो, ते कोणाला सांगतच न्हाई. उद्या हा मेला तर काय करणार?"

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! माझ्या खोलीत, माझ्यासमोर, चपला न काढता मला मारून मोकळा! पण गयासचाचा बाजूलाच बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "आन् माझे हुरूफ? ते बी येतील का त्या नव्यात?"

हुरूफ म्हणजे अक्षरं. चाचा उगाच विचारत नव्हते. त्यांची एक नात होती, खैरुनबी, मुलीची मुलगी, लहानपणापासून आजोळीच वाढलेली. तिचं लग्न त्याच महिन्यात ठरलं होतं. दिवाळीनंतरची तारीख. साऱ्या जिल्ह्याच्या पत्रिका लिहिणाऱ्या माणसाला आपल्या घरची एक पत्रिका आपल्या हातची पाहिजे होती. दुसरं त्यांनी काहीच मागितलं नाही.

"येतील की, चाचा," वसंता म्हणाला. "पण लॉक लावून जुना प्रोग्राम उघडायचा, एकेक अक्षर मोठं करून कागदावर काढायचं आन् तिथून नव्यात घ्यायचं. दोन दिवसांचं काम. आजच बसतो मी."

"आज नगं," संपतराव म्हणाले. "आज लेबलांची घाई, उद्या नवमी. नवमीला मी हत्यार चालवू देत न्हाई. दसऱ्याला नव्या मशीनचा मुहूर्त करू, अन् दुसऱ्या दिवशी चाचांची अक्षरं सगळ्यात आधी. काय घाई?"

चाचांनीही मान हलवली. त्यांनाही ते बराबर वाटलं. इतकी वर्षं त्या छापखान्यात नवमीला ते स्वतः बोरू धुऊन पाटावर ठेवत आले होते.

नवमीला सगळा छापखाना धुऊन निघाला. कटरचं पातं, पाने, स्क्रू ड्रायव्हर, जुन्या खिळ्यांची पेटी, सगळं पाटावर मांडलं. नव्या यंत्राला जागा करायला मला हलवायचं म्हणून माझ्या पाठीतल्या वायरी काढल्या आणि त्यांच्याबरोबर लॉकही काढलं. आजवर ते कधी बाहेर निघालंच नव्हतं, त्यामुळे कांताबाईंनी ते पहिल्यांदाच पाहिलं.

"हे काय वो?"

"चाचांच्या अक्षरांची किल्ली हाय ती," संपतराव म्हणाले.

"अगं बाई! मंग हिला तर पहिला मान!"

कांताबाईंच्या हाताला कंजूषी ठाऊकच नाही. त्यांनी लॉक ओल्या फडक्याने पुसलं. ओलं हळदीकुंकू दोन्ही बाजूंनी भरपूर लावलं, पिना होत्या त्या बाजूलासुद्धा, वर अक्षता, वर फूल. मी बघत होतो. ओरडावंसं वाटत होतं, कांताबाई, कपाळ तिकडे नाही! पण मला तोंड कुठलं? उदबत्ती लावून त्यांनी हात जोडले आणि पुटपुटल्या, "चाचांच्या नातीची पत्रिका चांगली निघू दे गं आई."

दसऱ्याला नव्या यंत्राला नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी वसंता बसला. चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते. वसंताने लॉकवरचं वाळलेलं कुंकू नखाने काढलं, फुंकर मारली आणि ते माझ्या पाठीत खोचलं. चट्ट आवाज झाला. जळका वास आला. बस, एवढंच. त्यानंतर कितीदा लावलं, काढलं, स्पिरिटने पुसलं, पण पडद्यावर तीच ओळ यायची, की लॉक सापडत नाही. पिनांच्या आत मुरलेल्या ओल्या हळदीने त्याचा जीव घेतला होता.

वसंता त्या कंपनीच्या गावी जाऊन आला. कंपनीच्या जागी चपलांचं दुकान होतं. माझ्या पोटातली अक्षरांची फाइल त्याने नव्या यंत्रात जशीच्या तशी नेली. बाकी सगळं, लेबलं, बिलबुकं, हँडबिलं, तिकडे सुखाने नांदायला लागलं होतं. ही फाइलही गेली, पण उघडल्यावर आत नुसता कचरा दिसायचा. कोणत्या गाठी मारून बांधलंय ते ठाऊक असल्याशिवाय सोडणार कसं?

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला. "चाचा, माझ्या हातांनी झालं हो हे. मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

"रडू नका, भाभी," चाचा म्हणाले. "तुम्ही कुंकू लावलं, मी कागद नदीत सोडले. दोघांनी बी अदबच केली. अदब करणाऱ्याला काय बोलायचं?"

पण असं म्हणताना ते कोणाकडेच बघत नव्हते. मला त्या क्षणी वाटलं, वसंता बोलला ते खरं होतं. नव्या यंत्राचा राग राग केला मी, पण त्याच्या पोटात ही अक्षरं असती तर हजार माणसांनी ती सोडवून दिली असती. माझ्या कुलपाचा मला केवढा गर्व होता! ते कुलूप माझं नव्हतंच. किल्ली दुसऱ्याची, कुलूप दुसऱ्याचं, आत माल मात्र गयासचाचांचा.

मग धावपळ झाली. घरोघरी जुन्या पत्रिका शोधल्या. बहुतेकांनी त्या चाचांसारख्याच अदबीने पाण्यात सोडलेल्या. ज्या मिळाल्या त्यांतली अक्षरं बारीक, मोठी केली की कडा फाटायच्या. चाचांनी पुन्हा बोरूही घेतला. खैरुन त्यांचं मनगट धरून बसायची. "राहू द्या ना, नाना," ती म्हणायची, आणि ते म्हणायचे, "एक डाव अजून." कागदांमागून कागद गेले, एकही अक्षर उभं राहिलं नाही.

शेवटी तारीख जवळ आली. वसंताने नव्या यंत्रात उर्दूची मोकळी अक्षरं आणली. कोणा भल्या माणसांनी बनवून सगळ्या जगाला वापरायला दिलेली. पत्रिका त्यांत लागली. चाचांनी भिंग घेऊन ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एक चूक नव्हती. सुबक होती.

"बराबर आहे," ते म्हणाले. मग जाताना दारात थांबले. "संपतशेठ, ह्या डब्ब्याचं काय करणार तुम्ही?"

"काय करायचं, चाचा? भंगारवाला येणार हाय."

"मला देऊन टाका. माझा हात त्याच्यात राह्यलाय."

तेव्हापासून मी त्यांच्या घरी आहे. मधल्या खोलीत, तख्ताच्या शेजारी, खैरुनने कशिदा काढलेल्या कापडाखाली. मला वीज जोडलेली नाही. जोडून उपयोगही नाही.

लग्नाच्या दिवशी ती खोली पुरुषांच्या बैठकीसाठी रिकामी केली होती, त्यामुळे मी सगळं ऐकलं. मोंढ्यातले लालमियाँ आले होते. त्यांच्या घरच्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका चाचांनी लिहिलेल्या. लालमियाँनी खिशातून खैरुनची पत्रिका काढली, चार जणांना दाखवली आणि चाचांना मिठी मारली.

"वा कातिबसाहेब, वा! लोक म्हणत होते, तुमचा हात गेला. कुठं गेला? बिलकुल पहिल्यासारखाच आहे! घरची पत्रिका म्हणून जीव ओतलेला दिसतोय!"

बाकीचे चौघेही हो हो म्हणाले. एकाने तर पत्रिका डोळ्यांना लावली.

मला वाटलं, चाचा आता सांगतील, की हा माझा हात नव्हे. "मेहरबानी," ते म्हणाले आणि पाहुण्यांपुढे पानाचं तबक सरकवलं.

सगळे जेवायला उठले तेव्हा ते माझ्याजवळ तख्तावर बसले. खैरुन निघण्याआधी त्यांना भेटायला आत आली. तिने दाराआडून सगळं ऐकलं होतं.

"नाना, सांगून टाकायचं होतं ना त्यांना."

"त्यांना खुशी झाली, बेटा. ती कशाला काढून घ्यायची?" चाचा म्हणाले. खिशातला हात खिशातच होता. मग तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "पण मंग पंचवीस साल लोकांनी बघितलं काय? अन् मी काय लिहून राह्यलो होतो?"

खैरुनने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघं तसेच बसून राहिले, बाहेरून तिला हाका येईपर्यंत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, पुष्कळ कामं कराल, आणि ती माझ्यासारख्या कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या हवाली कराल. करा, पण आधी विचारा, की तुझी किल्ली कोणाकडे आहे? ती कंपनी उद्या उठून गेली तर माझं मला परत मिळेल का? उघड्या पोटाचं यंत्र घ्या. आणि हाताने केलेलं असेल त्याची एक प्रत घरातल्या पेटीत राहू द्या. पूजा उद्याही करता येते, मुहूर्त पुढच्या वर्षीही येतो. आज जे काढून ठेवायचं ते आजच काढून ठेवा.

चाचांच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. त्यांचा नून मोकळ्या अक्षरांतल्या नूनपेक्षा जरा खोल आहे. त्यांच्या खेवरचा, म्हणजे खैरुनच्या नावातल्या पहिल्या अक्षरावरचा, ठिपका किंचित तिरका आहे. खैरुनचं नाव त्यांच्या हातचं कसं दिसलं असतं ते साऱ्या जालन्यात फक्त मला ठाऊक आहे. लालमियाँसमोर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली असती तर त्यांना लगेच फरक कळला असता, आणि चाचांनाही कळलं असतं की पंचवीस वर्षं लोकांनी काय बघितलं. अक्षरं माझ्यापाशी सगळी आहेत, एकही हरवलेलं नाही. मला ती दाखवता येत नाहीत.